परक्या रानातली विहीर

माझी धाकटी लेक शाळेत इंग्रजी शिकवते. लॉकडाऊनच्या वर्षी ती चार महिने आमच्याकडंच अडकून पडली होती. संध्याकाळी ओट्यावर बसून ती आपल्या पोरीला एका अमेरिकन बाईची पुस्तकं वाचून दाखवायची आणि मराठीत समजावून सांगायची. मी आपला शेजारी सुतळी वळत बसायचो. पहिले दोन दिवस कानावर पडेल तेवढं ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्या गोष्टीतला शेतकरी छपराच्या घोडागाडीत बायको आणि तीन पोरी घालून गाव सोडून निघाला, आणि माझ्या हातातली सुतळी थांबली. गाडीत बिऱ्हाड भरताना काय होतं ते मला ठाऊक आहे. मग रोज मीच विचारायला लागलो, "बाय, पुढं काय झालं त्याचं?"

ती बाई म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर. तिचं पहिलं पुस्तक १९३२ साली निघालं तेव्हा ती पासष्ट वर्षांची होती. म्हणजे साधारण माझ्याच वयाची. तिनं आपलं लहानपण पोरांसाठी लिहिलं. पण पोरांच्या पुस्तकात आईबापाचं सगळंच येत नाही, काही झाकावं लागतं. तिनं आधी एक सरळ आत्मचरित्र लिहून ठेवलं होतं. ते तिच्या मरणानंतर ५७ वर्षांनी, २०१४ साली छापलं. लेकीनं तेही मागवलं. जाडजूड पुस्तक, पानापानावर टिपा. त्यातून आणि इकडून तिकडून जे कळलं ते मी वहीत टिपत गेलो. हे लिहितोय ते लॉराबद्दल नव्हे, तिच्या आईबापाबद्दल. चार्ल्स आणि कॅरोलाइन.

चार्ल्स १८३६ चा, न्यूयॉर्क राज्यातला. कॅरोलाइन १८३९ ची, विस्कॉन्सिनमधली. ती पाच-सहा वर्षांची असताना तिचा बाप मिशिगन सरोवरात वादळात जहाजाबरोबर बुडाला. आईच्या पदरात लहान लहान लेकरं. अशा घरातली पोर शिकली आणि विशीच्या आत शाळेत मास्तरीण झाली. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. दोन्ही घरं शेजारी राहायला आली आणि एक सोडून तीन सोयरिकी झाल्या. कॅरोलाइनच्या भावाला चार्ल्सची बहीण, तिच्या बहिणीला चार्ल्सचा भाऊ, आणि १ फेब्रुवारी १८६० ला ही दोघं. आपण ज्याला साटंलोटं म्हणतो ते तिकडंही चालायचं, हे ऐकून आमच्या घरातल्या बायका हसल्या.

चार्ल्स सुतारकाम जाणणारा, शिकारी, आणि व्हायोलिन वाजवणारा. पण त्याचा पाय एका जागी ठरायचा नाही. शेजार वाढला, जंगलातली शिकार कमी झाली, की त्याचे डोळे पश्चिमेकडं लागायचे. १८६३ साली त्यानं मेहुण्याबरोबर पेपिन नावाच्या गावाजवळ जंगलातलं रान घेतलं. झाडं पाडली, बुंधे उपटले, घर उभं केलं. तिथं मेरी झाली आणि १८६७ साली लॉरा. दुसऱ्याच वर्षी ते रान हप्त्यांवर एकाला विकून हा निघाला. मधे मिझुरीत थोडं थांबून १८६९ साली कॅन्ससमध्ये, इंडिपेन्डन्स गावापासून काही मैलांवर, मोकळ्या गवताळ माळावर त्यानं गाडी सोडली.

तिथं त्यानं ओंडक्यांचं घर बांधलं आणि विहीर खणली. या विहिरीच्या वाचनाला मी सुतळी बाजूला ठेवून बसलो होतो. शेजारच्या एका माणसाच्या मदतीनं चार्ल्स खणायचा. एक खाली, एक वर रहाटावर. रोज सकाळी खाली उतरायच्या आधी चार्ल्स बादलीत मेणबत्ती पेटवून सोडायचा. मेणबत्ती विझली तर खाली वायू आहे, उतरायचं नाही. शेजाऱ्याला हा पोरखेळ वाटायचा. एक दिवस तो मेणबत्ती न सोडताच उतरला आणि तळाला बेशुद्ध होऊन पडला. चार्ल्सनं खाली उतरून त्याला बांधलं, वर कॅरोलाइननं रहाट ओढला. लेकीला वाटलं ही गोष्ट रंगवून लिहिलेली असेल. मी म्हटलं, रंगवलेली असू दे, पण माहितगारानं रंगवलेली आहे. आमच्याकडंही बंद पडलेल्या विहिरीत कंदील सोडल्याशिवाय कोणी उतरत नाही.

आता खरी गोष्ट. ज्या रानात त्यानं विहीर खणली ते रान त्याचं नव्हतं. सरकारचंही नव्हतं. ते ओसेज लोकांचं होतं. ओसेज म्हणजे तिथले मूळचे रहिवासी, ज्यांना कोलंबसाच्या चुकीपायी 'इंडियन' नाव चिकटलं. कॅन्ससमध्ये त्यांच्यासाठी राखून ठेवलेला तो शेवटचा पट्टा होता. त्यांच्याकडून तो काढून घ्यायचा एक करार १८६८ साली झाला होता, पण वॉशिंग्टनमध्ये तो मंजूर झाला नाही. तरी आज ना उद्या रान मोकळं होणार या भरवशावर हजारो माणसं आधीच घुसून बसली. ओसेज लोक हंगामात गव्यांच्या शिकारीला लांब जायचे. परत यावं तर कोणी त्यांच्या घरात राहतंय, कोणी त्यांचा मका नेलाय, थडगीसुद्धा उकरलेली. त्यांच्याकडं नेमलेल्या सरकारी एजंटानंच हे वर लिहून कळवलं होतं. चार्ल्सनं असलं काही केल्याचं कुठं लिहिलेलं नाही. पण तो बसला होता तो त्याच गर्दीत.

लॉराच्या त्या पुस्तकाच्या सुरुवातीला, तिकडं माणसं नव्हतीच, नुसते इंडियन राहत होते, अशा अर्थाचं लिहिलेलं होतं. १९३५ साली छापलं, आणि सतरा वर्षं कोणाच्या डोळ्यात खुपलं नाही. १९५२ साली एका वाचकानं प्रकाशकाला पत्र लिहिलं तेव्हा म्हाताऱ्या लॉराला आपली चूक समजली आणि पुढच्या आवृत्तीत 'माणसं' हा शब्द काढून 'वस्तीवाले' असा अर्थाचा शब्द घातला. लेकीनं हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शब्द बदलला म्हणून नव्हे. तो आधी तिथं होता म्हणून.

कारण आमचंही एक रान असंच कोणाच्या तरी हिशेबात रिकामं ठरलं होतं. आमचं मूळ गाव वरच्या खोऱ्यात. भात, नाचणी, डोंगरउतारावर वरी. मी दहावी झालो त्याच वर्षी धरणात गाव जाणार हे पक्कं झालं. आई जातं न्यायचं म्हणून हटून बसली होती. गाडीत आधी जातं चढवलं, मग आजीला. वडील, म्हणजे आमचे आबा, शेवटपर्यंत दारात उभे होते. खाली कॅनॉलच्या पट्ट्यात आम्हाला चार एकर रान मिळालं. काळीभोर जमीन, भाताच्या माणसाला न कळणारी. आणि ती जमीनही पडीक नव्हती. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची स्लॅबच्या वरची जमीन काढून आम्हा बुडितांना वाटली होती. म्हणजे आमचं घेतलं आणि दुसऱ्याचं दिलं. त्या रानात एक बांधीव विहीर होती. ज्या म्हाताऱ्यानं ती खणली तो रोज दुपारी येऊन थारोळ्यावर बसायचा, विडी ओढायचा आणि काही न बोलता निघून जायचा.

चार्ल्सची गोष्ट ऐकताना मला कळेना, मी कोणाच्या बाजूनं ऐकतोय. गाडी भरून निघाला तेव्हा तो मी होतो. विहीर खणली तेव्हा मला तो म्हातारा आठवला. आणि ओसेज लोक घोड्यांवरून, पोराबाळांना घेऊन, लॉराच्या दारावरून ओळीनं निघून गेले, तेव्हा ती लहानी पोर रडली असं पुस्तकात आहे. तिथं मी उठून गोठ्यात गेलो.

कॅन्ससमध्ये या कुटुंबाला हिवतापानं गाठलं. सगळी एकदम आडवी. त्यांना वाचवलं जॉर्ज टॅन नावाच्या काळ्या डॉक्टरनं. गुलामगिरी संपून पाच वर्षंही झाली नव्हती त्या काळात. ऑगस्ट १८७० मध्ये तिसरी मुलगी कॅरी झाली. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेच्या संसदेनं कायदा केला होता: ओसेजांनी दक्षिणेला इंडियन टेरिटरीत जायचं आणि हे रान वस्तीवाल्यांना सव्वा डॉलर एकरानं विकायचं. सप्टेंबरात ओसेज पुढाऱ्यांनी ते मान्य केलं. दुसरं काय करणार होते?

म्हणजे चार्ल्सला आता ते रान सरळ विकत मिळत होतं. पण इकडं पेपिनचं रान ज्यानं घेतलं होतं त्याला पुढचे हप्ते जमेनात. १८७१ साली चार्ल्स सगळं टाकून माघारी फिरला. पुस्तकात मात्र असं आहे की, सरकारी सैनिक हाकलायला येणार म्हणून ते निघाले. लॉरा तेव्हा चार वर्षांची. तिनं ते बापाच्याच तोंडून ऐकलेलं असणार. मला यात नवल वाटत नाही. घर सोडलेल्या माणसाकडं सांगायला एक कारण लागतं, आणि बायकोपोरींना सांगायचं कारण हिशेबाच्या वहीतलं नसतं. आबाही आम्हाला सांगायचे की आपण सगळ्यांत शेवटी गाव सोडलं. तसं नव्हतं. आमच्या मागं सात घरं होती.

१८७४ साली ते पुन्हा पश्चिमेला निघाले. मिनेसोटात वॉलनट ग्रोव्हजवळ, प्लम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी. आधी ओढ्याच्या दरडीत कोरलेलं बिळासारखं घर, वर गवत. मग उभ्या गव्हाच्या भरवशावर चार्ल्सनं फळ्या उधार आणून चांगलं घर बांधलं. शेतकरी वाचणारांना पुढचं सांगायला नको, तरी सांगतो. १८७५ साली टोळ आले.

आपण टोळधाड म्हणतो, पण त्या टोळांचा हिशेब वेगळाच. त्या वर्षी नेब्रास्कातल्या एका डॉक्टरनं तारायंत्रावरून गावोगावची खबर गोळा केली आणि एका धाडीचा अंदाज काढला: १८०० मैल लांब, ११० मैल रुंद. आभाळात ढग आल्यासारखं झालं आणि ढग खाली उतरला. गहू गेला, ओट गेले, गवत गेलं, झाडांची पानं गेली. अवजारांच्या दांड्यांना माणसाच्या घामाचं मीठ असतं, म्हणून ते दांडेही कुरतडले. रुळांवर टोळ चिरडून आगगाडीची चाकं घसरायची. आणि जाताना जमिनीत अंडी घालून गेले, म्हणजे पुढच्या वर्षीचंही पीक गेलंच समजा. चार्ल्स शेकडो मैल चालत पूर्वेला गेला, जिथं टोळ पोचले नव्हते तिथं दुसऱ्याच्या सुगीला मजुरी करायला. कर्ज फळ्यांचं, फळ्यांच्या घरात बायकोपोरी, आणि घरधनी परक्याच्या रानात गहू कापतोय.

त्या साली १ नोव्हेंबरला त्यांना मुलगा झाला. तीन पोरींच्या पाठीवरचा. नाव चार्ल्स फ्रेडरिक, लाडानं फ्रेडी. आणि ३० नोव्हेंबरला चार्ल्सनं एका सरकारी कागदावर सही केली. टोळग्रस्तांना पीठ मिळायचं होतं, पण त्याआधी शपथेवर लिहून द्यायला लागायचं की माझ्याकडं काहीही उरलेलं नाही. मिळालं काय, तर पिठाची दोन अर्धी पिंपं, किंमत सव्वापाच डॉलर. लॉराच्या पुस्तकातला बाप कोणाचं फुकट घेत नाही. हा कागद त्या पुस्तकात नाही. माणदेशातला माझा मामा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता, घरची वीस एकर असताना. मस्टरवर अंगठा उठवायचा, सही येत होती तरी. सही केली तर आपण कोण ते दिसलं असतं.

मजेची गोष्ट, म्हणजे मजेची नाही, ती टोळांची जातच पुढं नाहीशी झाली. १९०२ साली कॅनडात शेवटचे जिवंत टोळ सापडले, नंतर एकही नाही. डोंगराच्या पायथ्याच्या ज्या दऱ्यांत ते अंडी घालायचे त्या वस्तीवाल्यांनी नांगरल्या, म्हणून संपले असावेत असं अभ्यासक म्हणतात. ज्यानं शेतकऱ्याला उपाशी ठेवलं त्याला शेतकऱ्याच्याच नांगरानं नकळत संपवलं.

१८७६ साली रान विकलं आणि ते आयोवातल्या बर ओक गावी एक खानावळीचं हॉटेल चालवायला निघाले. वाटेत नातेवाइकांकडं थांबले असताना फ्रेडी गेला. दहा महिन्यांचाही नव्हता. त्याला तिथंच ठेवून पुढं जायचं होतं. लॉराच्या गोष्टींच्या पुस्तकांत हे पोर नाहीच. बर ओकचं सबंध वर्षही नाही. चार्ल्स मिळेल ते काम करायचा, कॅरोलाइन परक्या माणसांच्या पंगती उठवायची. तिथल्या डॉक्टरची बायको एक दिवस आली आणि म्हणाली, लॉरा मला दत्तक द्या. घरात एकटी आहे, तिला काही कमी पडू देणार नाही. लॉरा ऐकत उभी. कॅरोलाइननं तिला गोडीत सांगितलं की पोरीशिवाय माझं चालायचं नाही. तिथंच मे १८७७ मध्ये ग्रेस झाली. आणि मग भाडं थकलं, मालक थांबेना, तेव्हा एका रात्री गाडी भरून हे कुटुंब गुपचूप गाव सोडून निघून गेलं. लेक म्हणाली, "आबा, हे लोक पळून गेले?" मी म्हटलं, पोरी, गरिबाच्या निघण्याला पळणं म्हणतात.

पुन्हा वॉलनट ग्रोव्ह. १८७९ मध्ये थोरली मेरी तापानं फणफणली आणि चौदाव्या वर्षी आंधळी झाली. त्याच साली चार्ल्सच्या बहिणीच्या घरून रेल्वेच्या कामावर हिशेब लिहायची नोकरी आली आणि तो डकोटात गेला. फेब्रुवारी १८८० मध्ये त्यानं डी स्मेट गावाजवळ होमस्टेडचा अर्ज भरला. १८६२ च्या कायद्यानं १६० एकर मिळायचं. घर बांधायचं, पाच वर्षं राहायचं, रान कसायचं, मग नावावर. चार्ल्सच्या नावावर ते १८८६ मध्ये झालं. मधल्या १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फानं आगगाडी बंद पडली ती मे महिन्यापर्यंत. गावात धान्य नाही, जळण नाही. गवताला पीळ घालून त्याच्या कांड्या जाळायच्या आणि कॉफीच्या छोट्या दळणीत गहू भरडून त्याची भाकरी करायची. सबंध दिवस कोणी ना कोणी दळणी फिरवत बसलेलं. चार्ल्सची बोटं इतकी फुटली की व्हायोलिनवर चालेनात.

एवढं सोसूनही त्याच्या मनात ऑरेगॉन होतंच. पण इथं कॅरोलाइननं पाय रोवला. वीस वर्षं ती त्याच्या गाडीत बसत आली होती, चिनीमातीची एक छोटी मेंढपाळीण फडक्यात गुंडाळून, प्रत्येक नव्या घरात फळीवर मांडत. आता म्हणाली, पोरींना शाळा हवी, यापुढं नाही. मास्तरीण होती ना. १८८१ साली आंधळ्या मेरीला आयोवातल्या अंधशाळेत धाडलं. तिच्यासाठी लॉरानं पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाळा शिकवून पैसे दिले. १८८९ साली मेरी तिथून शिकून बाहेर पडली. त्या घराचं जे काही जमलं ते इतकंच जमलं असं मला वाटतं.

रान काही टिकलं नाही. १८८७ मध्ये चार्ल्सनं गावात घर बांधलं आणि १८९२ मध्ये १६० एकर विकून टाकलं. शेवटची वर्षं सुतारकी, दुकानदारी. १९०२ च्या जूनमध्ये तो गेला. कॅरोलाइन १९२४ पर्यंत होती. चार मुलींपैकी एकट्या लॉराला वाचलेलं एक अपत्य, मुलगी रोझ, आणि रोझ १९६८ मध्ये मागं कोणी न ठेवता गेली. ज्या वंशासाठी माणूस रान धरतो तो वंशच उरला नाही. डी स्मेटच्या रानात त्यानं कॉटनवुडची पाच झाडं लावली होती, एक बायकोचं आणि चार पोरींचं. ती अजून आहेत म्हणतात.

आणि ओसेज? कॅन्ससच्या जमिनीचे जे पैसे आले त्यातून त्यांनी दक्षिणेला चेरोकी लोकांकडून खडकाळ रान विकत घेतलं. कोणाला नको असलेलं. त्याखाली पुढं तेल निघालं. ते पैशानं श्रीमंत झाले, आणि मग १९२० च्या सुमाराला त्या तेलाच्या हिश्शासाठी त्यांच्यातल्या कित्येकांचे खून पाडले गेले. खडकाळ रानातही त्यांना सुखानं राहू दिलं नाही.

कॅन्ससमधलं चार्ल्सच्या घराचं ठिकाण किती वर्षं कोणाला सापडत नव्हतं. शेवटी ज्या खुणांवरून ते ठरवलं त्यात एक हातानं खणलेली जुनी विहीर होती. दीड-दोन वर्षं राहिला तो माणूस तिथं. विहीर राहिली.

आमच्या रानातला तो म्हातारा पहिली दोन वर्षं आमच्याशी बोलला नाही. त्याच्या पोरांनी आमची तिफणही एकदा अडवली होती. आबा कधी त्याला उठ म्हणाले नाहीत. दुपारी भाकरी आली की एक चतकोर आणि कांदा थारोळ्यावर ठेवायचे, तो खायचा नाही, कुत्रं खायचं. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी आटलं आणि गाळ काढायला माझा थोरला भाऊ दोर बांधून उतरणार, एवढ्यात म्हातारा विडी टाकून उठला.

"आरं थांब. आधी दिवा सोड. हिच्यात वायू धरतो उन्हाळ्याचा. माझा चुलता गेलाय हिच्यात."

आबांनी कंदील सोडला. अर्ध्यावर जाऊन विझला. त्या दिवशी लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून म्हातारा आणि आबा दोघं मिळून दुपारभर विहिरीत वर-खाली करत होते, वारा खेळवायला. संध्याकाळी त्यानं आमच्यातली भाकरी खाल्ली.

सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आता माझ्या नावानं आहे. पण आमच्या घरात आजही मोटर चालू करायला पोरगं निघालं की कुठं चाललास विचारल्यावर, त्या म्हाताऱ्याचंच नाव घेऊन, त्यांच्या विहिरीवर, असं सांगतं. नातीनं मला विचारलं, चार्ल्सच्या विहिरीला तिकडं काय म्हणतात. तिला सांगायला माझ्याकडं एवढंच होतं की चार्ल्सची विहीर म्हणतात.